बॅटरी अर्ध्याखाली गेल्यावर

कराडच्या विद्यानगरात ऋतुजा कणसे म्हणजे फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडम. लग्न न केलेल्या, वडिलांना सांभाळणाऱ्या, सोसायटीच्या मीटिंगला न येणाऱ्या. पण ब्राझीलपासून कोरियापर्यंत विखुरलेले काही प्रोग्रामर असे होते, की तिची मेल आलेली दिसली की ते उघडण्याआधी पाणी पिऊन घेत.

‘बीज’ ही कुणाच्याच मालकीची नसलेली संगणकप्रणाली. जगभरची माणसं मिळून ती लिहितात, आणि मनगटावरच्या घड्याळापासून इस्पितळातल्या यंत्रांपर्यंत शेकडो वस्तूंच्या पोटात ती असते. तिच्यात काही बदल करायचा तर तो मेलिंग लिस्टवर, म्हणजे चारचौघांत, पाठवायचा. त्याला पॅच म्हणतात. मग त्या विषयातलं कुणी जाणतं माणूस तो ओळीओळीने वाचतं, चुका काढतं. पाठवणारा दुरुस्त करून पुन्हा पाठवतो. जाणत्याचं समाधान होईपर्यंत ही परतपाठवणी चालू राहते, आणि झालं की तो खाली शेरा देतो: ‘तपासलं’, पुढे स्वतःचं नाव. यंत्रावर लावून बघितलं असेल तर आणखी एक शेरा: ‘चालवून पाहिलं’. या शेऱ्यांचा पगार मिळत नाही. मान मिळतो, आणि ऋतुजाला तो भरपूर मिळत होता.

तिचा विषय होता रेग्युलेटर. पंख्याचा रेग्युलेटर सगळ्यांना माहीत असतो. यंत्रातल्या चिपलाही तसाच एक असतो, फक्त त्याचं बटण सॉफ्टवेअर फिरवतं. काम नसताना चिपचा वीजदाब कमी करायचा, काम आलं की वाढवायचा, म्हणजे बॅटरी टिकते. यात गोम एवढीच, की दाब वाढवा म्हटल्याबरोबर वाढत नाही. खालचा पंप सुरू केला म्हणून चौथ्या मजल्यावरच्या नळाला लगेच धार लागत नाही, तसंच. किती वेळ थांबायचं तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला असतो. तो हवा त्यापेक्षा कमी लिहिला, तर चिप अर्ध्या दाबावर कामाला लागते, धडपडते आणि पहिल्यापासून सुरू होते. यात जातो साधारण दीड सेकंद.

दीड सेकंद म्हणजे काही फार नाही, असं आपल्याला वाटतं. ऋतुजालाही वाटायचं.

तिचे वडील, दिनकर कणसे, ऊर्फ अण्णा. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या भोंग्यातून ‘पाटण, कोयनानगरमार्गे चिपळूणला जाणारी गाडी’ असं जे खणखणीत ऐकू यायचं, तो आवाज त्यांचा. निवृत्तीनंतर उंब्रजच्या घरात एकटे राहत होते. मागच्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात नि जीभ गेली. डोकं शाबूत, शब्द शाबूत, फक्त जीभ आणि घसा ऐकत नव्हते. ऋतुजा त्यांना उंब्रजहून उचलून कराडला घेऊन आली. त्यांना विचारलं नाही, कारण विचारलं तरी सांगणार कसं, असा तिचा रोकडा हिशेब होता.

मग कंठपट्टी आली. गळ्याभोवती बांधायची दोन बोटं रुंद पट्टी. मेंदूने घशाच्या स्नायूंना दिलेला हुकूम, तो स्नायूंनी पाळला नाही तरी, कातडीवर अगदी पुसटसा उमटतो. पट्टी तो टिपते, आतली चिप त्यातून शब्द ओळखते आणि माणसाच्याच जुन्या आवाजात बोलून दाखवते. अण्णांचा जुना आवाज मिळवायला फार लांब जावं लागलं नाही. स्टँडवरच्या घोषणा कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये होत्याच. त्यामुळे पट्टी बांधल्यावर अण्णांनी पहिल्यांदा ‘चहा’ म्हटलं, ते चहाची गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे अशा थाटात. ऋतुजा आणि घरकामाच्या शोभाताई पोट धरून हसल्या. अण्णाही अर्ध्या तोंडाने हसले.

अण्णांना एका वेळी एकच शब्द जमायचा. त्यात दम लागायचा. पण एका शब्दात माणूस किती बोलू शकतो हे ऋतुजाला त्या दिवसांत कळलं. ती ओगलेवाडीच्या कंपनीतून संध्याकाळी घरी आली की आतून आवाज यायचा, “आलीस?” ती म्हणायची, “आले.” एवढ्यावर दोघांचा दिवस भरून पावायचा.

पावसाळा संपता संपता निसार मुजावर नावाच्या माणसाचा पॅच लिस्टवर आला. हा मुजावर कंठपट्टी बनवणाऱ्या कंपनीतच कामाला होता. पट्टीतला रेग्युलेटर नवा होता, त्यासाठीचं सॉफ्टवेअर त्याने लिहिलं होतं, आणि ते जास्त वेळा चिपला झोपवून बॅटरी वाचवणार होतं. ऋतुजाला आनंद झाला. अण्णांची पट्टी रात्री चार्ज केली तरी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत जेमतेम पुरायची.

आनंद झाला म्हणून तिने हात सैल सोडला नाही. पहिल्या खेपेला तिने अठरा चुका काढल्या, त्यातल्या बऱ्याचशा मोकळ्या जागा, नावं आणि स्वल्पविराम यांच्या. दुसऱ्या खेपेला तेवढ्याच. तिसऱ्या खेपेला तिची नजर एका टिपेवर थांबली. दाब चढेपर्यंत थांबायचा वेळ मुजावरने चिप-कारखान्याच्या माहितीपत्रकात होता त्याच्या तिप्पट धरला होता, आणि शेजारी लिहिलं होतं: ‘बॅटरी अर्ध्याखाली गेली की पत्रकातला वेळ पुरत नाही. तिप्पट लागतो. कारण अजून सापडलेलं नाही’

ऋतुजाच्या कपाळाला आठी पडली. शेजारच्या खुर्चीत अण्णा बसले होते.

“काय?” अण्णांनी विचारलं.

“एक जण आहे अण्णा, मुजावर म्हणून. तुमच्या पट्टीचंच काम करतोय. म्हणतोय, इतका वेळ थांबावं लागतं. का? तर ठाऊक नाही!”

“बरोबर?”

“बरोबर असेलही हो. पण का ते सांगता यायला नको? उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, माझ्या आजीने सांगितलं म्हणून तिप्पट.”

अण्णांनी खांदा उडवला. ऋतुजाने लिहिलं: ‘कारण सापडलेलं नसेल, तर ती समजूत आहे, मोजमाप नव्हे. बीजमध्ये समजुतींना जागा नाही. पत्रकातला आकडा घ्यावा. शिवाय टिपेचं शेवटचं वाक्य पूर्णविरामाशिवाय संपलं आहे.’

हे वाक्य तिचं तिलाच फार आवडलं. लिस्टवरही आवडलं. दोघातिघांनी ते उचलून दुसऱ्यांना सुनावलं.

मुजावरने एकदा, अगदी अदबीने, हरकत घेतली. आपण दहाएक पट्ट्यांवर बघितलं आहे, म्हणाला. ऋतुजाने उत्तर दिलं, मग कारण शोधा आणि तेही पाठवा, घाई कुणाला आहे? घाई मुजावरच्या कंपनीला होती हे तिला कळत होतं. चौथ्या खेपेला तिप्पट गेलं, टीप गेली, पत्रकातला आकडा आला. सातव्या खेपेला काढायला एकही चूक उरली नाही. आपण सांगितलेलं सगळं मुकाट्याने केलेलं पाहून माणसाला जे समाधान होतं, ते घेऊन तिने कंपनीतल्या टेबलावर चाचणीचा बोर्ड अडॅप्टरला जोडला, सॉफ्टवेअर चढवलं. दिवे लागले, चिप उठली, झोपली, पुन्हा उठली. बॅटरी जोडायची तर ती कपाटातून शोधायला लागली असती. अडॅप्टरवर दाब कायम भरपूर असतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण त्या घडीला ते तिच्या डोक्यातही आलं नाही. तिने खाली दोन्ही शेरे दिले. ‘तपासलं’. ‘चालवून पाहिलं’.

हिवाळ्याच्या सुरुवातीला नवं सॉफ्टवेअर आपोआप सगळ्या पट्ट्यांवर आलं. अण्णांच्याही.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी ऋतुजा घरी आली आणि आतून ‘आलीस?’ आलं नाही. झोपले असतील म्हणून तिने डोकावलं, तर अण्णा टक्क जागे, तिच्याकडेच बघत होते.

“बरं वाटत नाही का?”

अण्णांचा घसा हलला. पट्टी गप्प.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तिने पट्टी उलटसुलट करून पाहिली. दिवा लागत होता, बॅटरी चाळीस टक्क्यांवर होती, म्हणजे उलट आधीपेक्षा चांगलीच टिकत होती. रविवारी सकाळी मात्र तिच्यासमोर अण्णा शोभाताईंना “मीठ” म्हणाले, तेही असं खणखणीत, की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

“माझ्याशी बोलत नाहीत हो ते संध्याकाळी,” ऋतुजा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली.

“सकाळी बोलत्यात की चांगलं,” शोभाताई म्हणाल्या. “काल मला ‘थांब’ म्हणाले, ‘बस’ म्हणाले. परवा रणजितदादांचा फोन आलता, तर त्यांनाबी ‘बरं’ म्हणाले.”

“मग माझ्याशीच का नाही?”

“आता ते तुमचं बापलेकीचं. त्यात मी काय सांगू?”

रणजित म्हणजे तिचा थोरला भाऊ, पुण्याला असतो. त्याची फोन करायची वेळ सकाळची, कारण नंतर त्याला मीटिंगा असत. ऋतुजाने त्याला विचारलं तेव्हा तो जरा घुटमळला.

“तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो, ऋतू. उंब्रज सोडायचं त्यांच्या मनात नव्हतं. तू घाईघाईने उचलून आणलंस. राग राहिला असेल.”

“मग सकाळी तुमच्याशी बोलतात ते?”

“आम्ही कुठं उचलून आणलंय?”

हे तिला झोंबलं. झोंबलं, कारण खरं वाटलं. माणसाच्या मनात अपराधाची एखादी बारीकशी गाठ असली की कुठलंही मौन त्या गाठीला नेमकं बसतं. मोजमापाशिवाय आकडा न घेणाऱ्या ऋतुजाने ही समजूत मात्र मोजमापाशिवाय घेतली. अण्णा सकाळी बोलतात, संध्याकाळी बोलत नाहीत. सकाळी मी अण्णा उठायच्या आत निघते, तेव्हा शोभाताई आणि फोनवर रणजित असतात; संध्याकाळी मी असते. म्हणजे मी नकोशी आहे. पट्टी सकाळी भरलेली असते आणि संध्याकाळी अर्धी रिकामी, हा हिशेब जिने करायचा तिने केला नाही.

एका संध्याकाळी ती अण्णांच्या समोर स्टूल ओढून बसली.

“अण्णा, एकदा काय ते सांगून टाका. दादा म्हणतोय, मी नेतो. माझ्याकडं राहायचंय, का दादाकडं जायचंय?”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मान ताठ केली. घसा वरखाली झाला. पट्टीवरचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. शब्द आला नाही. अण्णांनी पुन्हा जोर केला, चेहरा लाल झाला. मग डाव्या हाताने त्यांनी गळ्यावरची पट्टी दोनदा ठोकली.

ऋतुजाचा तोल गेला. “शोभाताईंसाठी शब्द आहेत, माझ्यासाठी नाहीत? मग बांधता कशाला ही? काढूनच ठेवूया संध्याकाळची. बॅटरी तरी वाचेल!”

आणि तिने हात मागे नेऊन त्यांच्या मानेवरचा चाप उघडला. अण्णांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. चांगलंच घट्ट धरलं. आपल्या बापाला आपला इतका राग येतो, असं वाटून तिला रडू फुटलं. तिने हात सोडवून घेतला आणि पट्टी चार्जरवर नेऊन ठेवली.

त्यानंतर ती रोज घरी आली की आधी पट्टी काढायची. भांडण नाही, बोलणं नाही. काही दिवसांनी अण्णा ती खोलीत शिरताना दिसली की स्वतःच मान खाली घालून पुढे करायला लागले. ते बघून तिला कसंसंच व्हायचं, पण ती पट्टी काढायचीच. शेवटी तिने रणजितला फोन केला आणि म्हणाली, “घेऊन जा.” त्याने येत्या रविवारी यायचं ठरलं.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी, डबा खाता खाता तिने लिस्ट उघडली. हनोईच्या एका इस्पितळातल्या वाचातज्ज्ञ बाईंची मेल होती. कोडबिड त्यांना कळत नव्हतं, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, की सबंध वाक्य बोलणाऱ्या रुग्णांची पट्टी ठीक चालते. त्यांचा पहिला शब्द कधी गळतो, ते पुन्हा म्हणतात. पण माझे जे रुग्ण एकेकच शब्द बोलू शकतात, ते नव्या सॉफ्टवेअरनंतर दुपार उलटली की मुके होतात. घरच्यांना वाटतं, ते रुसलेत. एका बाईंच्या सुनेने सासू बोलत नाही म्हणून तिच्याशी बोलणं टाकलं आहे.

ऋतुजाचा घास हातातच राहिला.

खाली लिस्टचे कारभारी कुरियन यांनी मुजावरला झोडपलं होतं. थांबायचा वेळ इतका कमी करताना बॅटरीवर मोजून बघण्याची तसदी तुम्ही घेतली नाही काय? तुमच्यासारख्यांमुळे आजारी माणसांच्या तोंडाला कुलूप लागलं. त्याखाली आणखी पाचसहा जणांनी हात धुऊन घेतले होते. मुजावरने उत्तरात एवढंच लिहिलं होतं: ‘चूक झाली. दुरुस्ती पाठवतो.’ आपण मुळात तिप्पट वेळ धरला होता, तो कुणी काढायला लावला, याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता.

ती डबा तसाच टाकून उठली. कपाटात खालच्या खणात बॅटरी होती. शोधायला काही वेळ लागला नाही. तिने ती चाळीस टक्क्यांपर्यंत उतरवली, बोर्डाला जोडली आणि दाबाची रेघ पडद्यावर लावली. चिपला ‘ऊठ’ म्हटलं. रेघ सावकाश चढत होती. ती निम्म्यावर असतानाच सॉफ्टवेअरने ‘झालं’ म्हणून सांगितलं, चिप कामाला लागली, रेघ धाडकन खाली आली आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. हा दिवा तिने अण्णांच्या गळ्यावर पाहिला होता. त्या दीड सेकंदात त्यांचा एकुलता एक शब्द बोलून संपत होता, आणि दम घेऊन ते पुन्हा बोलेपर्यंत चिप पुन्हा झोपलेली असे. ते तिला उत्तर देत होते, आणि ती त्यांच्यावर ओरडत होती.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बाथरूममध्ये जाऊन दार लावून बराच वेळ उभी राहिली.

परत आल्यावर तिने लिस्टला मेल लिहायला घेतली. पहिल्यांदा लिहिलं ते असं: ‘या प्रकारात आपण सगळ्यांनीच अधिक काळजी घ्यायला हवी होती.’ लिहून वाचलं, आणि तिला स्वतःचा किळस आला. या ‘आपण सगळ्यांनी’त ती अंग चोरून उभी होती. तिसरी खेप कोण वाचायला जाणार? दुरुस्ती येईल, आपण पुन्हा शेरा देऊ, मुजावर चार दिवस बोलणी खाईल आणि प्रकरण मिटेल, असं तिच्या मनाचा एक कोपरा तिला अगदी गोडीत सांगत होता.

तिने ते वाक्य पुसलं. मग लिहिलं: ‘मुजावर यांचा मूळ आकडा बरोबर होता. तो मी काढायला लावला, कारण त्यांना कारण देता आलं नाही. मी चालवून पाहिलं असा शेरा दिला, पण फक्त अडॅप्टरवर पाहिलं होतं. बॅटरीवर नाही. दोष माझा आहे.’ आणि पाठवलं.

तिला वाटलं होतं, आता आपल्यालाही झोडपतील. तसं काही झालं नाही. ‘होतं असं’, ‘आम्हीही असं केलंय’, ‘कबूल करायला धैर्य लागतं’ अशी उत्तरं आली. कुरियननी तर तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. मुजावरला जे मिळालं त्यातलं निम्मंही तिच्या वाट्याला आलं नाही, आणि त्याने तिची मान आणखी खाली गेली.

मुजावरची वेगळी मेल आली: ‘मॅडम, लिहिलंत ते बरं केलंत. पण मला कंपनीने कालच पट्टीच्या कामावरून काढून दुसरीकडे दिलं. दुरुस्ती सोबत जोडली आहे. एकच सांगतो. मी तुम्हाला घाबरून तो आकडा काढला. ती चूक मात्र माझी.’

तिने माफी मागितली आणि तुमच्या वरिष्ठांना मी लिहिते म्हणाली. लिहिलंही. त्याचं पुढे काही झालं नाही.

शनिवारी ती कामावर गेली नाही. दुपारभर अण्णांच्या पट्टीवर दुरुस्ती चढवत बसली. मुद्दाम बॅटरी उतरू दिली. पस्तीस टक्के झाल्यावर पट्टी घेऊन अण्णांच्या खोलीत गेली. तिला बघताच अण्णांनी सवयीने मान खाली घालून पुढे केली. गळ्यात पट्टी नव्हती तरी केली.

“नाही अण्णा,” ती म्हणाली. “काढायला नाही, बांधायला आलेय.”

तिने चाप लावला. समोर स्टूलवर बसली.

“चहा करू?”

अण्णांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. बहुतेक उपयोग काय, असं त्यांच्या मनात आलं असावं. मग घसा हलला.

“नको,” पट्टी म्हणाली. खणखणीत, साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशी.

अण्णा दचकले. त्यांनी पट्टीला हात लावला. “व्हय?” म्हणाले. पुन्हा, जरा मोठ्याने, “व्हय?” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ऋतुजा तर ओक्साबोक्शी रडत होती. रडता रडताच तिने सगळं सांगितलं. रेग्युलेटर, मुजावर, तिप्पट वेळ, आपण मारलेलं ते शहाणपणाचं वाक्य, अडॅप्टर. अण्णांनी उभं आयुष्य गाड्यांच्या वेळा सांभाळण्यात घालवलं होतं. वेळ पुरला नाही म्हणजे काय होतं, हे त्यांना समजवायला लागलं नाही.

“रोज बोलत होतात?”

“व्हय.”

“आलीस म्हणत होतात?”

“रोज.”

तिने पदराला डोळे पुसले. “सॉफ्टवेअरचा दोष होता, अण्णा. आता सुटला. तुम्ही गप्प नव्हतात, मला ऐकूच येत नव्हतं. माझ्यामुळे पट्टीनं असं केलं.”

अण्णांनी मान हलवली. नाही म्हणून. डावा हात उचलून त्यांनी मानेमागे नेला, चापावर ठेवला आणि उघडल्यासारखं करून दाखवलं.

“तू,” ते म्हणाले.

दाब उशिरा चढला हे खरं. पण चाप दाबानं उघडला नव्हता. तो तिने उघडला होता, रोज, आणि समोरचा माणूस हात धरून अडवत असताना पहिल्यांदा. लिस्टवर सगळ्या जगासमोर तिने जो दोष कबूल केला होता, तो दोन दोषांतला हलका होता. जड तो इथे या खोलीत होता, आणि तो लिहून पाठवायला कुठली लिस्ट नव्हती.

“चुकलं, अण्णा,” ती म्हणाली. “मी दादाला आत्ता फोन करते. उद्या येऊ नको म्हणून सांगते.” ती उठली. मग पुन्हा बसली, कारण या खेपेलाही आपण विचारलं नाही हे तिच्या लक्षात आलं. “त्या दिवशी मी विचारलं होतं. माझ्याकडं राहायचं, का दादाकडं जायचं. तेव्हा काय म्हणाला होतात?”

अण्णांनी दम घेतला.

“राहतो.”

ऋतुजाने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. गेल्या कित्येक दिवसांत तिच्या जिवाला इतकं बरं वाटलं नव्हतं.

“आणि आता?”

अण्णांनी हात काढून घेतला नाही. तिच्याकडे बघतच, पण रागाने नाही, त्यांनी पुन्हा दम घेतला.

“जातो.”

दुरुस्ती चढवताना जोडलेला पट्टीचा हिशेब, म्हणजे आतल्या घडामोडींची नोंद, तिच्या मोबाइलवर दिसत होता. तिने पाहिला. दाब वेळेत चढला होता, चिप पुरत्या दाबावर उठली होती, शब्द पुरा आला होता. पुन्हा विचारायला काही कारण नव्हतं. ती उठून कपाटातून अण्णांचे सदरे काढायला लागली.